जरा दम खा

आमच्या अकोले तालुक्यात माणसाची आणि बैलाची पारख एकाच गोष्टीवरून करतात. ती म्हणजे दम. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे डाग असलेली ही आमच्या डोंगरातली जात. घाटमाथ्यावरच्या पावसात उभे राहावे तर तिनेच. घेणारा जाणता असला म्हणजे शिंगे, खूर, वशिंड पाहतोच, पण नंतर बैलाला चढावर चार पावले चालवतो आणि त्याच्या बरगड्यांखालच्या भात्याकडे टक लावून उभा राहतो. भाता किती वेळ हलतो आणि केव्हा निवतो, यावर सौद्याचा आकडा ठरतो. त्या गर्दीत हिंडताना मला नेहमी वाटत आले आहे की, मी बैल असतो तर मला कुणी फुकटसुद्धा दावणीला बांधले नसते.

माझे वय ४४. जिथे राहतो तिथून कळसूबाईचे शिखर उघाडीच्या दिवशी स्वच्छ दिसते. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. नवरात्रात पोराबाळांना घेऊन, डोक्यावर नैवेद्य घेऊन बायाबापड्या ते चढून जातात. वाटेत कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. सत्तरीच्या म्हाताऱ्या त्या शिड्या गप्पा मारीत चढतात. आणि मला मात्र घरातून शाळेपर्यंतच्या चढावर दोनदा थांबावे लागते. पहिला थांबा वडापाशी आणि दुसरा पिठाच्या गिरणीपाशी. गिरणीवाला आता विचारीतही नाही, नुसते स्टूल पुढे सरकवतो.

मी मराठी शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शब्द जुना झाला, पण आमच्याकडचे म्हातारे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मलाही तो बरा वाटतो. शाळेच्या कायम पटावर अर्थातच माझे नाव नाही. एका संस्थेच्या वसतिगृहाला जोडलेले वर्ग आहेत, तिथे मानधनावर शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून झाल्या आहेत. एका चिकित्सक वाचकाने मला पत्र लिहून विचारले होते, "तुमच्या कादंबऱ्यांत कुणी कधी पळत कसे नाही? चोरसुद्धा चालत जातो." मी तिन्ही पुस्तके चाळून पाहिली. आरोप खरा होता.

दम या शब्दाकडे माझे लक्ष इतरांपेक्षा अधिक जात असावे. आपल्या भाषेत दम लागतो तसा दम देताही येतो. माणूस एका दमात काम उरकतो, धीर नसला तर त्याला दम निघत नाही, आणि शहाणा असला तर तो दमाने घेतो. पाऊस दमदार पडतो. मार बेदम पडतो. श्वास आणि धीर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे मराठीने फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. त्यामुळे ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या अंगी धीरही नसणार, असा एक निष्कर्ष आपोआप निघतो आणि कुणी तो तोंडावर बोलून दाखवला नाही तरी ऐकणाऱ्याला ऐकू येतो. 'त्यात काही दम नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते क्वचित माझ्या हाडापेरांविषयी असे, क्वचित माझ्याविषयीच.

तेव्हा आमची शाळा ओढ्यापलीकडच्या वाडीत होती. ओढा उतरायचा आणि पलीकडची चढण चढायची. बरोबरीची पोरे ती चढण शीळ घालीत चढत. मी अर्ध्यावर जांभळीखाली बसत असे आणि पायातला काटा काढीत असे. जांभळीखाली काटे नसतात हे त्यांनाही ठाऊक होते. आईने माझ्यावरून मीठमोहरी उतरली, लोखंडी कढईत भाजी शिजवून घातली, खारका घातल्या, एका भगताकडून अंगाराही आणला. "लेकराच्या उरात वारं शिरलंय," असे भगताने सांगितले होते. पुढे मला जी निरनिराळी निदाने ऐकावी लागली त्यांच्यामध्ये हे मला अजूनही फारसे वावगे वाटत नाही.

मास्तरकी हा तसा बैठा धंदा. पण बोलण्याला किती श्वास लागतो हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. हजेरी घेताना बारा-तेरा नावे झाली की मी पेन्सिलीला टोक आहे की नाही ते पाहतो. फळ्यावर लिहिताना बोलत नाही आणि बोलताना लिहीत नाही. कविता वाचताना कुठे थांबायचे हे कवीने ठरवलेले असते, मला मात्र अधल्या जागीही थांबावे लागते. यातून एक मौज झाली. मुले शिक्षकाचे सारे काही उचलतात, तशी माझ्या वर्गातली मुले माझे थांबणेही उचलतात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन मुलांकडून धडा वाचून घेतला आणि शेरा दिला, "वाचनात विरामांचे उत्तम भान." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

आता निदानांविषयी. विशीत मला एका डॉक्टरांनी दमा ठरवला आणि तोंडात फवारा मारण्याची नळी दिली. दोन वर्षे ती मारली. धाप होती तशीच राहिली, हात मात्र थरथरू लागले. तिशीत दुसऱ्यांनी रक्त कमी आहे असे सांगितले. ते थोडे कमी होतेही. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढले आणि धाप राहिली. तिसऱ्यांनी गळ्याच्या ग्रंथीची तपासणी करवली. ती निर्दोष निघाली. चौथ्यांनी माझा सगळा कागदांचा गठ्ठा पाहिला, मी लेखक आहे हे ऐकले, आणि हसून म्हणाले, "मग बरोबर आहे. विचार फार करता." औषध म्हणून त्यांनी सकाळी डोंगर चढायला सांगितले. यांतला कुणीही माझ्याशी वाईट वागला नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने जे दिसले ते सांगितले. परंतु 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबावे लागते, तेव्हा माणसाला एक विचित्र एकटेपण येते. दुखणे आहे, पण त्याला नाव नाही. नाव नसलेले दुखणे घरातही कुणाला सांगता येत नाही. ताप आला तर ताप आला म्हणता येते. मला काय म्हणायचे?

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात वसतिगृहावर आरोग्यपथक आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून एक योजना २०१३ साली सुरू झाली. तिची पथके वर्षातून एकदा शाळांतून आणि दोनदा अंगणवाड्यांतून फिरतात. जन्मतः असलेले दोष, कुपोषणाच्या खुणा, नेहमीचे आजार आणि वाढीतली कमतरता अशा चार गोष्टी अठरा वर्षांखालच्या मुलांत पाहिल्या जातात. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येईना. पथकातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन मुलांच्या छातीला नळी लावून त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "असं नाही चालायचं. मला शांत जागा द्या." शेवटी आम्ही धान्याच्या कोठीत तांदळाची पोती सरकवून जागा केली. जाड भिंती, वर कौले आणि त्याखाली माळा. तेवढे एकच ठिकाण आवाजाविना होते. तिथे एकेक मूल आत जाई आणि बाहेर येई. एक मुलगी मात्र बराच वेळ बाहेर येईना. पाचवीतली, किडकिडीत, सदा सर्दीने बेजार. बाईंनी तिला दोनदा, तीनदा ऐकले. तिच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये एक जादा आवाज होता.

तिचे नाव वहीत लिहून झाल्यावर मी पटाचे कागद घेऊन कोठीच्या तीन पायऱ्या चढलो आणि दाराशी थांबलो. बाई माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही नेहमीच असे दमता?" मी म्हटले, "नेहमीच." "बसा त्या पोत्यावर."

छातीला लावायची ती नळी प्रथम १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाच्या गुंडाळीची केली. समोर एक स्थूल तरुणी होती, तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि चकित झाला, कारण नुसत्या कानापेक्षा सुरळीतून अधिक स्पष्ट ऐकू येत होते. पुढे १८२६ साली तो क्षयाने, छातीच्याच दुखण्याने, गेला. २०० वर्षांत त्या सुरळीचे रूप बदलले, पण ऐकणाऱ्याचा कान अजून लागतोच. माझी छाती चार डॉक्टरांनी ऐकली होती. तांदळाच्या कोठीत ती पाचव्यांदा ऐकली गेली. बाई म्हणाल्या, "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." मग बराच वेळ गप्प.

त्यांनी काय ऐकले ते त्यांनी मला मास्तराला समजेल असे सांगितले. हृदयाचे दोन आवाज असतात. त्यातला दुसरा आवाज म्हणजे दोन झडपा मिटल्याचा. श्वास आत घेतला की त्या दोन झडपांत किंचित अंतर पडते आणि आवाज दुभंगतो. श्वास सोडला की दोन्ही पुन्हा एकत्र येतात. निरोगी माणसात हे असे श्वासाबरोबर चालते. माझा दुसरा आवाज दुभंगलेला होता आणि श्वास घेतला काय, सोडला काय, तो तसाच दुभंगलेला राहत होता. "वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलं तर असं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "पण मी लहान मुलांची डॉक्टर. माझ्या कानावर विसंबू नका, संगमनेरला जाऊन इको काढा." इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी 'विचार फार करता' असे म्हणाले नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला भीती वाटण्याऐवजी बरेच वाटले. पोत्यावरून उठताना पाठीला तांदळाचा भुसा लागला होता, तो त्यांनी माझ्या शर्टावरून झटकला.

संगमनेरला मी गेलो. 'इको' ही तपासणी पाहण्यासारखी असते, निदान लेखकाने तरी पाहावी. छातीला गार चिकट द्रव लावतात, त्यावर एक ठोकळा फिरवतात आणि अंधाऱ्या खोलीत समोरच्या पडद्यावर आपले हृदय उघडझाप करताना दिसते. कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा, असे ते तंत्र. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंड गावी एड्लर आणि हर्ट्झ या दोघांनी ते हृदयासाठी प्रथम वापरले, तेही धातूच्या वस्तूंतील भेगा शोधण्याच्या यंत्राने. वाहते रक्त यंत्रात तांबड्या-निळ्या रंगात दाखवतात. तंत्रज्ञाने ठोकळा दाबून दाबून धरला, मला कुशीवर वळवले, श्वास रोखायला सांगितले. ती एक गोष्ट मला नीट जमत नाही. शेवटी कागद मिळाला. उजवे कप्पे किंचित मोठे. पडद्याच्या वरच्या भागात दोषाची शंका; छातीवरून प्रतिमा समाधानकारक मिळत नाही; अन्ननलिकेतून तपासणी करावी.

'शंका'. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हाती डॉक्टरी कागदावर हा एकच ओळखीचा शब्द यावा! त्याच्याबरोबर राहायचे ते मी गेली दोन वर्षे शिकतो आहे.

त्या दोन वर्षांत मी या दोषाविषयी जे समजून घेतले ते थोडक्यात असे. पोटातले मूल श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे मिटलेली असतात, प्राणवायू आईच्या रक्तातून येतो. मग फुप्फुसांकडे रक्त पाठवण्याचे कारण काय? म्हणून उजव्या वरच्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात जायला एक आडवाट ठेवलेली असते. मूल जन्मते, रडते, फुप्फुसे उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि त्या आडवाटेचे दार लोटले जाते. दर चारांतल्या एका माणसात हे दार नीट सांधले जात नाही, आणि बहुतेकांना त्याचा जन्मभर पत्ताही नसतो. पण काही थोड्यांच्या बाबतीत दार लोटायचे राहिलेले नसते. पडदाच अपुरा विणलेला असतो. त्यातून डावीकडचे शुद्ध रक्त पुन्हा उजवीकडे येते आणि पुन्हा फुप्फुसांकडे जाते. म्हणजे तेच रक्त दोनदा धुतले जाते आणि शरीराच्या वाट्याला कमी येते. हृदयाचा उजवा भाग हे जादा ओझे वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहतो. चाळिशीच्या सुमारास डावा भाग वयाप्रमाणे थोडा ताठर होतो, त्यामुळे भोकातून येणारे रक्त आणखी वाढते, आणि मग धाप, धडधड या गोष्टी लक्षात येऊ लागतात. हृदयाचे जन्मजात दोष एकंदरीत हजारी ८ ते १० मुलांत असतात. त्यांतले कितीतरी लहानपणीच ओळखू येतात. हा एक मात्र असा गरीब स्वभावाचा की तो माणसाला मॅट्रिक होऊ देतो, लग्न करू देतो, तीन कादंबऱ्या लिहू देतो आणि मग हळूच पुढे येतो.

आमच्या पिढीच्याही आधीपासून मराठी घरांत 'हृदयाला भोक' हे शब्द आले ते मधुबालेमुळे. तिचे छिद्र खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला होते. 'मोगल-ए-आझम' १९६० साली पडद्यावर आला. त्यातल्या कैदेच्या प्रसंगांत तिच्या अंगावर ज्या साखळ्या आहेत त्या खऱ्या लोखंडाच्या होत्या, आणि त्या वाहणारी बाई खरोखरच आजारी होती. लंडनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत ती गेली तेव्हा तिला छत्तीस वर्षे पुरी होऊन नऊ दिवस झाले होते. आईला तिचे सिनेमे फार आवडत. ती सांगे, "बिचारीच्या काळजाला भोक होतं." ऐकताना मला ती उपमा वाटे, दुःखाविषयी बोलण्याची एक रीत वाटे. शब्दाचा सरळ अर्थ कळायला मला तांदळाच्या कोठीत बसावे लागले.

आणि काळ किती जवळचा आहे पाहा. गिबन नावाच्या सर्जनने वीस वर्षे खपून हृदय आणि फुप्फुस या दोहोंचे काम तात्पुरते करणारे यंत्र तयार केले आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीचे हृदय उघडून असलेच वरच्या पडद्याचे भोक शिवले. २६ मिनिटे तिचा जीव त्या यंत्रावर होता. ती वाचली. त्याचे नंतरचे रोगी वाचले नाहीत, आणि त्या माणसाने यंत्र पुन्हा वापरले नाही. काम दुसऱ्यांनी पुढे नेले. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली, बर्नार्डच्या पहिल्या रोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. तो रोगी काही तासच जगला. मधुबाला त्याच मुंबईत अंथरुणाला खिळलेली होती. विद्या दाराशी येऊन उभी होती, पण तिच्यासाठी आत आली नव्हती.

आता ती आत आली आहे हे मी डोळ्यांनी पाहिले. आमच्या पाचवीतल्या मुलीचे भोक मधल्या भागातले आणि नीट कडा असलेले निघाले. अशा भोकाला छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, एक अलीकडे आणि एक पलीकडे, अशा बसवतात. शर्टाच्या कफाला जशी दुहेरी गुंडी असते तशी. काही महिन्यांत शरीर आपली कातडी तिच्यावर चढवते. खर्च सरकारी योजनेतून झाला. पण त्याआधी तिच्या वडिलांची समजूत घालायचे काम माझ्याकडे आले. भातशेती करणारा, मितभाषी माणूस. ओसरीवर बसून त्याने मला विचारले, "गुरुजी, भोक पडलं कशानं? आम्ही तर तिला कधी हात लावला नाही."

"पडलं नाही. विणायचं राहिलं," मी म्हटले. "गोधडी शिवताना एक टाका राहतो, तसं."

"मग शिवणाराचा दोष म्हणायचा?"

"कुणाचाच नाही. शिवणाऱ्याला कुठं दिसतंय अंधारात?"

तो बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "तिची आई रोज रडती. ग्रहणात विळा धरला होता म्हनती. तिला हे सांगा तुम्ही." मी त्याच्या घरी जाऊन तिला तेच सांगितले. तिने ते मानले की नाही ठाऊक नाही, पण डोळे पुसून चहा ठेवला.

चार महिन्यांनी मुलगी परत आली. पहिल्या दिवशी ती वर्गात जपून बसली. महिन्याभरात पोरांच्या मागे पळू लागली. एकदा गिरणीपाशी माझ्या स्टुलाशेजारी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पण करून घ्या ना. दुखत नाही तिथं. नुसती झोप येती." आणि उत्तराची वाट न पाहता चढण धावत चढून गेली. तिच्या पाठीवरचे दप्तर वर-खाली होत होते. मी तिच्या भात्याकडे पाहत होतो. वर पोचल्यावर तो लगेच शांत झाला.

तुम्ही विचाराल, मग तुमचे अडले कुठे? अडले ते प्रथम पैशाच्या आणि रजेच्या साध्या गोष्टींत, मानधनावरच्या मास्तराला रजा म्हणजे बिनपगारी. नंतर अडले ते या गोष्टीत की, माझा दोष असलाच तर तो वरच्या भागात असावा, तिथे चकत्या बसत नाहीत, शस्त्रक्रियाच करावी लागते. आणि तीही केव्हा? फुप्फुसांतला दाब मर्यादेत असेल तर. वर्षानुवर्षांच्या जादा रक्ताने तो फार चढला असेल, तर भोक बुजवणे हाच धोका होतो. तेव्हा ते भोक हीच पळवाट ठरते. म्हणजे मला तीन उत्तरे मिळू शकतात. भोक आहे आणि बुजवता येते. भोक आहे आणि बुजवता येत नाही. आणि तिसरे, भोक नाहीच.

रात्री जाग येते तेव्हा मी दुसऱ्या उत्तराला भितो. कुशीवर वळून घड्याळाच्या टिकटिकीबरोबर ठोके मोजत पडतो. बायकोला झोपेतही कळते. "अहो, पुन्हा मोजताय?" एवढेच ती म्हणते आणि माझ्या मनगटावर हात ठेवते, म्हणजे मला मोजता येऊ नये. पण दिवसा, चार माणसांत, मला भीती वाटते ती तिसऱ्या उत्तराची. भोक नाही असे ठरले, तर धाप पुन्हा अनाथ होईल. पुन्हा तो कागदांचा गठ्ठा, पुन्हा एखादे हसून सांगितलेले वाक्य. आजाराची आशा करणारा माणूस विक्षिप्त म्हटला पाहिजे. पण ज्यांनी वर्षानुवर्षे नाव नसलेले दुखणे बाळगले आहे त्यांना हा विक्षिप्तपणा समजेल. आम्हाला आजार नको असतो, आपण खोटे नाही एवढेच कुणीतरी लिहून द्यायला हवे असते. आता मनाला समजावतो आहे की, डॉक्टरला जे दिसत नाही ते नसतेच असे नाही. कोठीत शिरेपर्यंत त्या मुलीच्या छातीतलेही कुणाला ऐकू आले नव्हते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आम्ही लांबवली नाही. संगमनेरच्या डॉक्टरांनी जाता जाता विचारले होते, "मुलं आहेत? त्यांनाही एकदा दाखवून घ्या. आई-बापांत असला तर मुलांत थोडा अधिक संभव असतो." आम्हाला एकच मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. तिला सांगितले की, फोटो काढायला जायचे आहे. अंधाऱ्या खोलीत तिने ठोकळ्याच्या गारपणाला खिदळून दाद दिली, आणि पडद्यावर स्वतःचे हृदय पाहून म्हणाली, "बाबा, हे तर मासोळीच्या तोंडासारखं करतंय." बायको भिंतीला टेकून उभी होती. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, तंत्रज्ञाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्याने एकदा, दोनदा, तीनदा ठोकळा त्याच जागी फिरवला. माझ्या वेळी जिथे फिरवला होता तिथेच. मग त्याने दिवा लावला आणि म्हणाला, "पडदा अगदी छान आहे." त्या दिवशी आम्ही तिघांनी स्टँडसमोर उसाचा रस प्यायला. मुलीला वाटले फोटो चांगला आला म्हणून. परतीच्या एस.टी.त ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि अकोले येईपर्यंत मी माझे ठोके मोजले नाहीत.

अन्ननलिकेतून करायची ती तपासणी पुण्याला ठरली आहे, कोजागरीनंतरच्या आठवड्यात. घशातून एक नळी उतरवतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते, त्यामुळे छातीवरून न दिसणारा कोपरा मागून दिसतो. संपादकांना लेख भाद्रपदातच हवा असतो. तेव्हा हे लिहिताना मला उत्तर ठाऊक नाही, आणि हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ते आलेले असेल. तीनपैकी कोणते, यावर मी पैज लावणार नाही. चौथ्या कादंबरीची सत्तर पाने झाली आहेत. तिच्यात एक मुलगी आहे आणि ती चढण धावत चढते. वाचकाचे पत्र मनावर घेतले म्हणा ना.

घरात दिवाळीचे बेत सुरू झाले आहेत. बायकोने भाजणीचे सामान काढले आहे. आमचे घर चौथऱ्यावर, पुढचा आढा उंच. आकाशकंदील टांगायला शिडी लागते. दरवर्षी ते काम माझे असे, आणि तीन पायऱ्यांवर एक विश्रांती घेऊन मी ते करीत असे. यंदा मुलीने सांगून टाकले आहे की शिडीवर ती चढणार. बायको म्हणाली, "पडेल." मी म्हटले, "खाली मी धरून उभा राहतो. चढू दे तिला."